दोन खोऱ्यांची नदी

नद्या एकमेकींना मिळतात. मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत. दोन खोऱ्यांच्या मध्ये उंचवटा असतो, हे तर आपण शाळेतच शिकतो. व्हेनेझुएलाच्या दक्षिणेकडच्या जंगलात कासिकियारे नावाची नदी हे दोन्ही नियम धाब्यावर बसवते. ला एस्मेराल्दा या वस्तीच्या खालच्या अंगाला ती ओरिनोको नदीच्या डाव्या काठातून फुटते, ओरिनोकोचं जवळपास पाव हिस्सा पाणी उचलते आणि सुमारे ३२५ किलोमीटर वाहत जाऊन ॲमेझॉनच्या उपनदीला, रिओ नेग्रोला मिळते. म्हणजे कालपर्यंत शेजारी वाहणारं पाणी उद्या दोन वेगळ्या महानद्यांत!

तिथल्या आदिवासींना यात नवल नव्हतं. होड्या जातच होत्या. १७४४ मध्ये मान्वेल रोमान या जेझुइट पाद्र्याला ओरिनोकोवर पोर्तुगीज गुलाम-व्यापारी भेटले. हे इथे आले कसे? त्यांच्याचबरोबर तो कासिकियारेतून रिओ नेग्रोपर्यंत जाऊन आला. तरीही १७९८ मध्ये ब्युआश या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने असा जोड ही भूगोलातली घोडचूक ठरवली आणि नकाशात मध्ये चक्क डोंगररांग काढली. दोनच वर्षांनी हम्बोल्ट आणि बोंप्लां हे निसर्गशास्त्रज्ञ रिओ नेग्रोकडून कासिकियारेत शिरले आणि होडीतूनच ओरिनोकोत पोचले. डोंगर काही आडवा आला नाही. आडवे आले ते डास. रिओ नेग्रोचं पाणी कुजलेल्या पाल्यामुळे कोऱ्या चहासारखं काळसर आणि आम्लधर्मी, तिथे डास कमी. कासिकियारेवर मात्र त्यांनी हैराण केलं. ओरिनोकोकाठी तर लोक सकाळी भेटले की आधी रात्रीच्या डासांची चौकशी करत, असं हम्बोल्टने नोंदवलंय.

पण नदी अशी फुटते कशी? फाट्याजवळची जमीन इतकी सपाट, की पाण्याला अडवणारा उंचवटाच उरलेला नाही. रिओ नेग्रोकडे मात्र उतार मिळतो. वाटेत उपनद्या घेत, उगमाशी शंभरेक मीटर रुंद असलेली कासिकियारे शेवटी पाचशे मीटरपर्यंत फुगते. भूशास्त्रज्ञांच्या मते हे अर्धवट झालेलं नदीचं अपहरण आहे, म्हणजे एका नदीने दुसरीचं पाणी बळकावणं, आणि ते असंच चालू राहिलं तर ओरिनोकोच्या वरच्या खोऱ्याचं सगळंच पाणी पुढे ॲमेझॉनकडे जाईल.