भेंडीची तार आणि पाइपातलं पाणी

विळीवर भेंडी चिरताना पात्याला तार सुटते, ती एकदा बोटाने ओढून बघा. पटकन तुटत नाही, लांबत जाते. त्या रसात शर्करेच्या अतिशय लांब रेणूसाखळ्या असतात, म्हणून तो असा ताणला जातो. अशा साखळ्या वाहत्या पाण्यात अगदी थोड्या मिसळल्या, तर पाइपातलं घर्षण निम्म्यावरही येऊ शकतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ टॉम्स यांनी 1948 साली हॉलंडमधल्या परिषदेत हा परिणाम मांडला, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धान लावणाऱ्याला घर्षण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मोटरपासून बांधीपर्यंतचा, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंतचा पाइप जितका लांब, तितकी धार बारीक. वेगात निघालेलं पाणी सरळ रेषेत जात नाही. पाइपाच्या भिंतीलगत बारीक भोवरे उठतात, उसळून मध्ये येतात, आणि मोटरची ताकद त्यांना फिरवण्यात खर्च होते. त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायचं, तर घर्षणासाठी जवळपास चौपट दाब लागतो.

अशा लांब साखळ्यांच्या पदार्थाला बहुवारिक (पॉलिमर) म्हणतात. त्याची साखळी एरवी गुंडाळी होऊन पडलेली असते. भोवऱ्याच्या ओढीत सापडली की ती उलगडते, ताणली जाते आणि त्याचा जोर काढून घेते. पाणी संथ वाहत असेल तर भोवरेच नसतात, मग या साखळीला कामही नसतं. मात्रा किती? गच्चीवरच्या 1000 लिटरच्या टाकीला 10 ग्रॅम, म्हणजे दोन चमचेही पुरतात. अलास्कातल्या 48 इंच व्यासाच्या तेलवाहिनीत 1979 पासून असं बहुवारिक सोडलं जाऊ लागलं.

पण एक मोठी अडचण आहे. ही लांब साखळी पंपाच्या फिरत्या पात्यांत सापडली की तुटते, आणि तुटली की पुन्हा जुळत नाही. त्यामुळे लांबच्या तेलवाहिनीत प्रत्येक पंपानंतर नवी मात्रा द्यावी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मलिक आणि रघुनाथ माशेलकर यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. एकच लांब साखळी करण्याऐवजी त्यांनी हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून राहणाऱ्या साखळ्यांचे पुंजके वापरले. ताण आला की सुटतो तो नाजूक बंध, साखळी शाबूत राहते, आणि ताण ओसरला की बंध पुन्हा जुळतो. 1995 साली प्रसिद्ध झालेलं हे काम तेलासारख्या द्रवांसाठी होतं. पाण्यात ही युक्ती अवघड, कारण पाण्याचे रेणू स्वतःच त्या बंधांत शिरतात.

मग भंडाऱ्यात वैनगंगेकाठी याचा उपयोग किती? इथे हिशेब नीट मांडायला हवा. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयातून पाणी उचलणाऱ्या टेकेपार, नेरला यांसारख्या योजनांत पंपाला आधी उंचीशी झगडावं लागतं, आणि उंची कुठलंही बहुवारिक कमी करू शकत नाही. समजा, पाणी 20 मीटर वर चढवायचं आहे आणि घर्षणापोटी आणखी 5 मीटरचा दाब जातो. घर्षण निम्मं झालं तरी एकूण बचत दहा टक्केच. पण सपाट रानातून लांब पाइप गेला असेल, चढ 2 मीटर आणि घर्षण 18 मीटर असेल, तर तीच मात्रा पंचेचाळीस टक्के वाचवते. फायदा त्या सपाट रानातल्या लांब पाइपाला आहे, आणि त्याचाच विचार आधी व्हावा असं मला वाटतं.

पिण्याच्या पाण्यात काहीही मिसळताना हात आखडता घ्यायलाच हवा. पॉलिॲक्रिलामाइड हे बहुवारिक प्रभावी आहे, पण त्यात उरलेलं ॲक्रिलामाइड विषारी असतं. शेतासाठी मात्र गवारीच्या बियांचा डिंक आहे. खरगपूरच्या आयआयटीत आर. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे वनस्पतिज डिंक घर्षण कमी करण्यासाठी अभ्यासले. पाण्यातले जिवाणू हा डिंक काही दिवसांत खाऊन टाकतात. मातीच्या दृष्टीने ते बरंच, पण शेतकऱ्याला तो ताजाच कालवावा लागेल, आणि पाइपात सोडायचा तो मोटरच्या पुढे. मोटरच्या आधी सोडला, तर बांधीपर्यंत पोचायच्या आतच त्याच्या बऱ्याच साखळ्या पात्यांनी तोडलेल्या असतील.