कडक पात्याची पाजवणी

वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, धारेची खरी परीक्षा दिवाळीच्या सुमारास होते. गुंजवणीच्या खोऱ्यात इंद्रायणी, आंबेमोहोर कापणीला येतो आणि सकाळी पाजवलेला विळा दुपारपर्यंत ओढ घ्यायला लागतो. भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषते आणि ती पानात, काडीत, तुसात साठवते. वाळू ज्या द्रव्याची, तेच हे द्रव्य. त्यामुळे कापणाऱ्याचे पाते दिवसभर एका अर्थी बारीक वाळूवरच घासले जाते. दातेरी वैभव विळा लोकांना आवडतो तो यासाठीच. त्याच्या दातांची टोके झिजली तरी मधल्या खाचांतली धार कापत राहते.

मी भातशेती करतो, बांधावर थोडे आंबे आहेत. विळा-कोयता घरचाच, पण खिशात घडीचा चाकू असतो. अमेरिकेतल्या पुतण्याने दिलेला, स्पायडर्को कंपनीचा पॅरा मिलिटरी २. पाते साडेतीन इंचांच्या आत, किंमत हजारोंच्या घरात. एवढा महाग चाकू चिखलात कशाला, असे पाहुणे विचारतात. म्हशीचे दावे झुडपात अडकून गळ्याला फास बसला की एका हाताने जनावर धरायचे आणि दुसऱ्या हाताने पाते उघडायचे असते. या चाकूच्या पात्याला गोल भोक आहे. अंगठा ओला असो, चिखलाचा असो, त्या भोकात बसतो आणि पाते उघडते. ही युक्ती या कंपनीने १९८१ साली पहिल्यांदा बाजारात आणली. उघडलेले पाते मागे मिटू नये म्हणून मुठीतली पोलादी पट्टी पात्याच्या बुडाशी पाचरीसारखी बसते. ती मुठीच्या पाठीकडून सोडवायची, त्यामुळे मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत. शेतात वापरायच्या चाकूत मला ही गोष्ट धारेइतकीच मोलाची वाटते.

रोजचे काम साधेच. खताच्या गोणीची सुतळी, ठिबकची नळी, कलमाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी, बाजारातून आलेले खोके. यांत पाते सर्वांत जास्त कशाने मरते? गोणीने आणि खोक्याने. गोणीच्या विणीत माती बसलेली असते, पुठ्ठ्यातही कचकच असते. दोरखंडाने तेवढे बिघडत नाही. आणि डबा उचकटायला, खिळा काढायला चाकू मुळीच वापरू नये. धारेमागचे पोलाद कागदासारखे पातळ असते. ते कापण्यासाठी घडवले आहे, आडवा जोर लावला की त्याचा टवका उडतो.

आता पाजवणीचे. माझे आजोळ भोरकडचे, हिरडस मावळातले. मामांचा कोयता ट्रकच्या कमानपाट्याचा. लोहार तो भट्टीत तापवून ऐरणीवर धार ठोकून काढतो, पाणी देतो, कानस फिरवतो. पुढे वर्षभर ओढ्याकाठचा एखादा खरबरीत दगडही त्याला पुरतो. तो दगड माझ्या चाकूला लागत नाही. एकदा मी चाकू भोरच्या लोहाराकडे नेला. त्याने पात्याच्या बुडाशी हलकेच कानस टेकवून पाहिली आणि म्हणाला, “दादा, ह्याला माझी कानस चावत न्हाई. माझ्याकडं ठेवू नका.” त्याने उगाच खटपट न करता चाकू लगेच परत दिला, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

कारण पोलादात आहे. एस३०व्ही नावाचे हे पोलाद अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने २००१ साली खास चाकूंसाठी काढले. वितळलेले पोलाद फवारून त्याची भुकटी करतात आणि उष्णता व दाब देऊन ती पुन्हा एकजीव करतात. त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम असते, म्हणून गंज लवकर धरत नाही. ४ टक्के व्हॅनेडियमही असते. ते कार्बनशी जुळून अतिशय कठीण असे सूक्ष्म कण बनवते. धार टिकते ती या कणांमुळे, आणि पाजवताना हात दुखतो तोही त्यांच्यामुळेच. हे कण कुरुंदाहूनही कठीण. साध्या दगडावर भोवतालचे पोलाद झिजते, कण मात्र तसेच राहतात. त्यांना कापायला हिऱ्याच्या चुऱ्याची पट्टी लागते.

माझ्याकडे अशी एक पट्टी आहे, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला बारीक. आधी धारेच्या उतारावर मार्करने काळी रेघ ओढायची. पट्टीवर पाणी शिंपडून पाते हलक्या हाताने एकदा फिरवायचे आणि बघायचे. शाई फक्त वरच्या कडेने गेली असेल तर पाते फार आडवे धरले गेले. अगदी धारेशीच गेली असेल तर फार उभे. सगळा उतार स्वच्छ झाला की कोन जमला. मग त्याच कोनात घासत राहायचे, दुसऱ्या अंगाला नखाला अडेल अशी केसाएवढी मुरड येईपर्यंत. ती मुरड आली म्हणजे या बाजूने पट्टी थेट धारेपर्यंत पोचली. मग बाजू बदलायची, जोर कमी करत जायचा आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलटे ओढायचे. मुरड राहिली तर चाकू पहिल्या दिवशी केस कापेल आणि दुसऱ्या दिवशी सुतळीवर घसरेल. बहुतेकांची धार इथेच फसते.

रस्त्यावरच्या विजेच्या चाकावर असा चाकू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. कडेचा रंग पालटला की तिथले पाणी उतरले समजावे. मग तेवढे पोलाद घासून काढण्यावाचून इलाज नाही. पाते पूर्ण बोथट होण्याचीही वाट बघू नये. सुतळी पहिल्या झटक्यात सुटेनाशी झाली की त्याच संध्याकाळी बारीक अंगावर चार हात मारावेत. पोलादही कमी झिजते.

बिजागरीकडे मात्र लोक बघतच नाहीत. लावणीत चिखल आत जातो, वाळतो आणि पाते मिटताना करकरते. नळाखाली उघडझाप करत धुवायचे, फुंकून वाळवायचे, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. पाते डावीउजवीकडे डुलायला लागले तर बिजागरीचा स्क्रू किंचित आवळायचा. जास्त आवळला तर एका हाताने उघडणार नाही. आंब्याचा चीक लागला असेल तर त्याच दिवशी पुसावा. १४ टक्के क्रोमियम असले तरी चिकाने आणि घामाने या पोलादावरही डाग पडतात, आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते.