उसातलं बाळंतपण

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की एखाद्या फडात कोयते एकदम थांबतात. पाचटात बिबट्याची दोन-तीन बछडी एकमेकांना बिलगून पडलेली असतात. पूर्वी अशी पिल्लं उचलून नेली जात आणि पिसाळलेली आई शिवारभर फिरे. आता वनखात्याचे लोक येतात, पिल्लं तपासतात आणि अंधार पडता पडता क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. आई बहुतेक वेळा येते, मानेला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते.

हा बिबट्या वाट चुकून गावात आलेला नाही. धरणं झाली, कालवे आले, वर्षभर उभा राहणारा ऊस आला. आडोसा, पाणी आणि वस्तीवरची कुत्री, सगळं तिथेच. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

मग पकडून लांब सोडावा? ते करून झालंय. 2001 ते 2003 या काळात जुन्नरमध्ये बिबटे धरून दुसरीकडे सोडले गेले. वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरचे हल्ले सतरावर गेले. नव्या मुलखात बिथरलेलं जनावर घराकडे निघतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या कॉलर लावून माळशेजला सोडला, तर तो सुमारे 120 किलोमीटर चालत, खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. दोन वर्षांनी महामार्गावर वाहनाच्या धडकेत गेला.

ज्या घरातलं लेकरू बिबट्यानं नेलं, त्या घराला हे आकडे सांगू नयेत. त्यांचा राग खरा आहे, आणि माणसावर वारंवार हल्ले करणारं जनावर धरावंच लागतं. पण दिसला बिबट्या की लाव पिंजरा, या मागणीनं वस्ती सुरक्षित होत नाही. धरलेल्याची जागा दुसरा घेतो. शेतीला दिवसा वीज, घराजवळ पक्का बंदिस्त गोठा, उघड्यावर न टाकलेली मेलेली कोंबडी, अंधारात अंगणात एकटं न सोडलेलं मूल: जीव वाचतो तो यानं. यातली वीज सरकारनंच द्यायची आहे, आणि रात्री दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला ती अजून पुरती मिळालेली नाही.

यंदा तोडीत बछडी दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. तोड थांबवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.