विक्रीपूर्वी घराची डागडुजी

मुलांचे उच्च शिक्षण, निवृत्तीनंतर गावी परतण्याचा बेत किंवा मोठ्या घराची निकड, कारण कोणतेही असो, राहते घर विकावयाचे ठरले की पहिले बोलावणे जाते ते रंगाऱ्याला. भिंती नव्या दिसल्या म्हणजे किंमत चढेल, हा समज सार्वत्रिक आहे. तथापि वीस-पंचवीस वर्षे जुनी सदनिका पाहावयास येणारा खरेदीदार रंग पुढेमागे स्वतःच्या आवडीचा देणारच असतो. त्याची नजर फिरते ती शंकास्थानांवरून. हाती रक्कम मोजकी असेल, तर ती या शंका दूर करण्याकडेच वळवावी.

त्यांतील सर्वांत मोठी शंका ओलीची. छताच्या कोपऱ्यातील पिवळसर डाग अथवा भिंतीवर फुललेले पांढरे क्षार दिसताच खरेदीदार दुरुस्तीचा खर्च मनातल्या मनात मांडू लागतो, आणि असा अंदाज सहसा हात राखून केलेला नसतो. अशा भिंतीवर घाईने डिस्टेंपर फासले, तर पावसाळ्यात पोपडे सुटतात. संशयित जागी वीतभर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवावा. त्याच्या भिंतीकडील बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले तर तो हवेतील दमटपणा होय व पुरेसे वारे खेळते ठेवणे हा त्यावरील बिनखर्ची उपाय. भिंतीतील ओलीचे मूळ पुष्कळदा न्हाणीघरात सापडते : लाद्यांचे सांधे, नळाची जोडणी, नहाणी ट्रॅपभोवतालची फट. उघडे पडलेले सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेणे हे किरकोळ काम आहे. पाणी वरच्या मजल्यावरून येत असल्यास सोसायटीला लेखी कळवावे आणि पोच जपून ठेवावी. रंगकाम भिंत पूर्ण सुकल्यावरच करावे, भर पावसाळ्यात नव्हे.

डाग झाकून व्यवहार उरकण्याचा मोह कायद्यालाही मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला परंतु खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षता घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

बाकीची कामे एका रविवारची. गळक्या नळाला नवा वॉशर, करकरणाऱ्या बिजागरीला तेलाचे दोन थेंब, मिणमिणत्या दिव्याच्या जागी चांगला दिवा, ओट्यामागील तेलकट लाद्यांना सोडा आणि गरम पाणी. माळ्यावरील रद्दी व मोडके सामान काढले की खोली मोठी भासते, शिवाय रद्दीवाला चार पैसे देऊनच जातो! विक्रीसाठी म्हणून नवा ओटा किंवा खोटे छत करवून घेणे मात्र आमच्या मते अनाठायी. तो खर्च किमतीत क्वचितच भरून येतो.

घराइतकीच कागदपत्रेही नीटनेटकी हवीत. खरेदीदार गृहकर्ज घेणार असेल, तर त्याच्या बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा घेऊन येतो. बंद केलेली बाल्कनी किंवा पाडलेली भिंत तेथे अडचणीची ठरू शकते. तेव्हा हा मुद्दा वास्तुविशारदाकडून आधीच तपासून घ्यावा. नोंदणीकृत करारनामा, मालमत्ता कराच्या पावत्या, वीजदेयके एका धारिकेत लावून ठेवावीत. महाराष्ट्रात सोसायटीचे भागप्रमाणपत्र व येणे-बाकी नसल्याचा दाखला, कर्नाटकात खाता उतारा व बोजाविषयक प्रमाणपत्र यांचीही भर घालावी. पाहावयास आलेल्यांना छायाप्रतीच दाखवाव्यात.

घरावर कर्ज बाकी असल्यास शाखेकडून शिल्लक रकमेचे पत्र व बँकेच्या ताब्यातील मूळ दस्तऐवजांची यादी मागून घ्यावी. कर्ज फिटलेले असूनही मूळ कागद आणावयाचे राहिले असतील, तर ते काम प्रथम करावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या व १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार, संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणे आणि नोंदविलेला बोजा उठविणे कर्जदात्या संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या बाजूने विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. दस्तऐवज हाती येताच पाने मोजून यादीशी ताडून पाहावीत व मगच पोच द्यावी.