ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी एसएमपीएस बघा

धाराशिव, तुळजापूर, उमरगा भागातली आपली बरीच पोरं घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतात. नुसत्या पत्रिका आणि उर्दू टायपिंग असेल तर कार्ड नकोच, त्या पैशात रॅम आणि एसएसडी टाका.

व्हिडिओसाठी कार्ड घ्यायचं, तर सगळे आधी "किती जीबी?" विचारतात. विचारायचं असतं वॅट. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटवर चालतं, बहुतेकांना वेगळी वायर लागत नाही. त्याच नावाचं ८ जीबी मॉडेल १३० वॅटपर्यंत ओढतं. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ते लावू नका.

जुनं कार्ड स्वस्तात मिळालं तर कुठं वापरलंय ते विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली.

राहिला हप्त्याचा प्रश्न. क्रेडिट कार्डावरच्या "नो कॉस्ट ईएमआय"मध्ये बँक सहसा व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो. स्टेटमेंटमध्ये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी दिसतो. सूद टाळणाऱ्यांनी घेण्याआधी हे वाचावं, किंवा दोन महिने थांबून रोख घ्यावं. पक्कं बिल मात्र घ्याच, वॉरंटीला लागतं.