भारदस्त माणसाची सायकल

माझे वजन १०४ किलो होते, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करून ठेवतो. कारण पुढील विवेचनाचा अधिकार मला याच एका दाखल्यावरून प्राप्त झालेला आहे. डॉक्टरांच्या आग्रहावरून, पन्नाशी उलटल्यावर, मी गीअरची एक मोठी डौलदार सायकल खरेदी केली, आणि तीन महिने पुरते लोटले नाहीत तोच कात्रजच्या चढावर मागच्या चाकातून ‘टण्’ असा बारीकसा आवाज आला व चाक ब्रेकला घासू लागले. तार तुटली होती. दुकानदाराने चाकाकडे न पाहता माझ्याकडे आपादमस्तक पाहिले आणि “साहेब, आधी वजन कमी करा” असा निकाल दिला. त्यानंतर वर्षभरात आणखी पाच तारा तुटल्या, प्रत्येक वेळी तुटली तेवढीच तार बदलण्यात आली, आणि प्रत्येक वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात मीच उभा राहिलो.

या अपराधी भावनेतून माझी सुटका गॅसचे सिलिंडर पोहोचविणाऱ्या एका किडकिडीत तरुणाने केली. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो आणि पोलादी टाकीसह त्याचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. असे दोन सिलिंडर कॅरिअरला आकड्यांनी दोहों बाजूंस लटकावून तो आमच्या गल्लीतील खड्ड्यांतून निर्वेधपणे जात असे. ६० किलो माल आणि तितकाच स्वार म्हणजे १२० किलोंचा भार, जो माझ्या देहापेक्षा अधिक होता, आणि तोही बहुतांशी मागच्याच चाकावर. त्याची सायकल मात्र साधी, काळी, वीस-बावीस किलो वजनाची, आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलेली. तेव्हा दोष वजनाचा नसून चाकाचा असला पाहिजे, हे माझ्या ध्यानी आले आणि मी चाकाची चौकशी सुरू केली.

बैलगाडीच्या चाकाला आरे असतात व सायकलच्या चाकाला तारा असतात, हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. बैलगाडीचा आरा खांबाप्रमाणे भार तोलतो. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, आपल्या खालच्या आऱ्यावर उभा असतो. दोन मिलिमीटर जाडीची तार अशी उभी ठेवून तिच्यावर भार टाकला, तर ती तत्क्षणी वाकेल. म्हणून सायकलच्या चाकातील प्रत्येक तार आधीच जबरदस्त ताणून ठेवलेली असते, आणि स्वार बसला की जमिनीलगतच्या तीन-चार तारांतील हा ताण तेवढ्यापुरता कमी होतो. बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. चाक फिरले की पुढच्या तारांची पाळी येते. मोठ्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरांच्या आत-बाहेर असल्याने एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे साडेचारशे फेरे घेते, म्हणजे प्रत्येक तार तितक्याच वेळा सैल होऊन पुन्हा ताणली जाते. लोखंडी तार हाताने वारंवार वाकवून तोडण्याचा उद्योग आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. सायकलची तार तुटते ती याच न्यायाने, एका धक्क्याने नव्हे तर लक्षावधी लहान हेलकाव्यांच्या शिणाने, आणि बहुधा जेथे ती तुंब्याच्या भोकातून वळते त्या कोपऱ्याशी.

आता यातील विपरीत भासणारी गोष्ट अशी की, तार तुटते ती बहुधा फार ताणल्यामुळे नव्हे, तर पुरेशी न ताणल्यामुळे. ताण कमी असेल तर जड स्वाराच्या भाराने खालची तार पार ढिली पडते, तिचा वळलेला कोपरा प्रत्येक फेऱ्याला भोकात हलतो, आणि तिला रिमशी आवळून धरणारे निपल हळूहळू आपोआप उलगडत जाऊन ती अधिकच सैल होते. कारखान्यात यंत्रावर झरझर तयार होणारी चाके पुष्कळदा अशीच कमी ताणलेली असतात. ६० किलोच्या स्वाराला हा उणेपणा कधी कळतही नाही. १०० किलोच्या स्वाराकडून मात्र त्याची पुरेपूर वसुली होते.

गीअरच्या सायकलीत याला आणखी एक पेच आहे. मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला दातेरी चक्रांचा थर बसवावयाचा म्हणून तुंब्याची उजवी कडा आत ओढलेली असते; परिणामी उजवीकडच्या तारा जवळजवळ उभ्या आणि कडक, तर डावीकडच्या तिरप्या आणि बऱ्याच सैल राहतात. साध्या काळ्या सायकलीला मागे एकच दातेरी चक्र असल्याने तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा जवळजवळ समान ताणाच्या असतात. शिवाय जुन्या विलायती परिपाठाप्रमाणे तिच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत. भार मागे अधिक पडतो, एवढा साधा विचार त्या कारागिरांनी केला होता. आजच्या शोभिवंत सायकलींनी दोन्ही चाकांना सारख्याच, आणि त्याही २८ किंवा २४ तारा देऊन तो विचार मोडीत काढला, याला प्रगती म्हणावयास मी तयार नाही.

माझे चाक अखेर एका जिन्याखालच्या दुकानातील वृद्ध मिस्त्रींनी नव्याने बांधून दिले. ३६ भोकांची दुहेरी भिंतीची रिम, त्याच भोकांचा तुंबा, आणि दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर पण मध्यभागी किंचित बारीक असलेल्या तारा मी शोधून आणल्या होत्या. मध्ये बारीक असलेली तार अधिक टिकते, यावर त्यांचा विश्वास बसेना. परंतु असा बारीक भाग थोडा अधिक लांबू शकतो, त्यामुळे ओझ्याखाली तारेचा ताण सहसा शून्यावर येत नाही आणि हेलकावे कोपऱ्याऐवजी मधल्या भागात जिरतात. बाकीचे सारे ज्ञान त्यांच्या बोटांत होते. प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडील अशी त्यांनी विणली, पान्ह्याने पाव-पाव फेरा देत चाकाचा ‘आऊट’, म्हणजे वाकडेपणा, काढला, मग नखाने एकेक तार छेडून एकाच बाजूच्या सर्व तारांचा आवाज एक येतो की नाही ते कान देऊन ऐकले, आणि शेवटी समांतर तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून अशा काही आवळल्या की चाकातून करकर आवाज निघाला. पिळलेल्या तारा जागेवर बसल्याची ती खूण. “साहेब,” ते म्हणाले, “तुटतेय ती ढिली तार. वजनाचं मनावर घेऊ नका.”

सायकल पारखताना वजनदार गिऱ्हाइकाने म्हणूनच प्रथम मागचे चाक पाहावे आणि सांगाडा मागाहून. खाली बसून तारा मोजाव्यात. ३६ असतील तर उत्तम, ३२ असतील तर त्या कोणी कशा ताणल्या आहेत ते विचारावे, त्याहून कमी असतील तर रंग कितीही मोहक असला तरी उठावे. गीअर असेल तर मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट, याचा खुलासा मागावा. सहा-सात चक्रांच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत राहून एक्सलचे टोक निराधार सुटते आणि ते वाकते किंवा मोडते. कॅसेटच्या तुंब्यात छर्रे टोकाजवळ असल्याने हे भय उरत नाही. टायर रुंद, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरांचा असावा. निरुंद टायर खड्ड्यात रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोके पाडतो. सर्पदंशासारखी ती जोडी दिसली की खिळ्याचा शोध थांबवावा आणि हवा वाढवावी.

सांगाड्याविषयी फार चिंता नको. जाड पोलादी सांगाडा आपल्याला पुरून उरतो. स्वस्त सायकलींच्या पुढच्या चिमट्यातील स्प्रिंगा मात्र आपण बसताक्षणीच तळ गाठतात, सबब साधा ताठ चिमटा बरा. सीटची दांडी तिच्यावरील किमान खुणेच्या वर कदापि ओढू नये. ब्रेक डिस्कचा घ्यावा: उतारावर १०४ किलो थोपविणे हा ६० किलो थोपविण्याहून निराळा मामला आहे, आणि जुन्या दांडीच्या ब्रेकची क्रोमच्या ओल्या रिमवर पावसाळ्यात काय गत होते, हे ज्याने अनुभवले तोच जाणे. विक्रेत्याकडून सायकलीची पुस्तिका मागून घ्यावी. तीत कमाल वजनाचा आकडा दिला असल्यास तो पुष्कळदा स्वार, सामान आणि खुद्द सायकल यांच्या बेरजेचा असतो, हे विसरू नये.

आणि एक विनंती. नवे चाक पहिले शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर तारा थोड्या बसतात. त्या सुमारास ते एकदा मिस्त्रींकडे नेऊन पुन्हा ताणून घ्यावे. मी तसे केले, त्याला आता दोन वर्षे होत आली. तार एकही तुटलेली नाही. वजन १०२ आहे.