‘फॅसाइल’ : कौतुक की टोमणा?

पोस्टडॉक म्हणून इंग्लंडात आले, त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सेमिनार संपल्यावर एका इंग्रज सहकाऱ्याला मी मनापासून म्हणाले, ‘तुझं विवेचन किती फॅसाइल होतं!’ त्याचा चेहरा पडला. मला म्हणायचं होतं, किती सहज, ओघवतं. त्याला ऐकू आलं, किती उथळ.

चूक माझीच, पण शब्द कुठून उचलला तेही सांगते. रसायनशास्त्राचं कुठलंही जर्नल उघडा, ‘अमुक नॅनोकणांचं फॅसाइल सिंथेसिस’ अशी शीर्षकं ढिगानं सापडतील. तिथे अर्थ फक्त ‘सोपं’, आणि मूळ अर्थही तोच. लॅटिनमध्ये ‘करणे’ या क्रियापदावरून ‘फाकिलिस’ म्हणजे करायला सोपं आणि त्याच्या उलट ‘दिफ्फिकिलिस’. इंग्रजीतलं डिफिकल्ट याच घराण्यातलं. आपल्याकडे ‘कृ’ धातूवरून आलेली सुकर-दुष्कर ही जोडी अगदी तशीच आहे. इंग्रजीत मात्र युक्तिवादाला किंवा उत्तराला हे विशेषण लावलं, की ‘फारसा विचार न करता उरकलेलं’ असा वास येतो.

रेणूंच्या बाबतीत हा शब्द खरोखर उपयोगी आहे. अमोनियाचा रेणू म्हणजे तिवई : वर नायट्रोजन, खाली तीन हायड्रोजन. वाऱ्यात छत्री उलटावी तसा तो उलटसुलट होत राहतो, सेकंदाला सुमारे २४०० कोटी वेळा. (यात क्वांटम टनेलिंगचा मोठा हात आहे; ते पुन्हा कधीतरी.) वाटेतला ऊर्जेचा अडथळा मोलमागे जेमतेम २४ किलोज्यूल. फॉस्फिनचा रेणूही तिवईच, पण त्याचा अडथळा पाचपटींहून मोठा, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला तो जवळजवळ उलटतच नाही. पहिलं उलटणं फॅसाइल, दुसरं नाही.

इथे ‘स्पॉन्टेनियस’शी गल्लत करू नका. साध्या दाबाला आणि तापमानाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं स्पॉन्टेनियस आहे, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात उताराकडे जाणारं. पण मध्ये घाट इतका उंच आहे, की तुमच्या अंगठीला काही होणार नाही. एक शब्द पलीकडचं गाव खाली आहे एवढंच सांगतो, दुसरा घाट किती उंच ते.

शीर्षकांतला ‘फॅसाइल’ मात्र मला आता खटकतो. सोपं म्हणजे कोणाला? पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला? तापमान किती, वेळ किती, टप्पे किती, ते लिहा. सोपं की अवघड ते वाचणारा ठरवेल.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी : तुमच्याकडे उच्चार बहुधा ‘फॅसल’ असा ऐकाल. टोमणा तोच.

त्या सहकाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहावर सुकर-दुष्कर समजावलं, तेव्हा कुठे गडी हसला. आता माझ्या खर्ड्यात हा शब्द दिसला, की तो समासात एवढंच लिहितो : ‘कोणाला?’